रिकामे दिवस

उन्हाळा सरत आला की आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत दाखले मागणाऱ्या तरुण-तरुणींची वर्दळ वाढते. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला चारित्र्याचा. त्यांतील कितीतरी मुले एखाद्या कारखान्यातली, इस्पितळातली वा कार्यालयातली उमेदवारी नुकतीच संपवून आलेली असतात. त्या शब्दाची जागा आता 'इंटर्नशिप'ने घेतली आहे. आम्हांला मात्र जुनाच शब्द प्रिय आहे. फारसीतली 'उमेद' म्हणजे आशा; तेव्हा उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला माणूस. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने मालकावर काम शिकवण्याचे आणि विद्यावेतन देण्याचे बंधन घातले. मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे सरसकट बंधन मात्र घातले नाही. म्हणून प्रशस्तिपत्र हाती पडते आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी उठून कुठे जायचे हा प्रश्न पडतो. परीक्षेचा निकाल, मुलाखतीचे बोलावणे, आखाती देशाचा व्हिसा, काहीतरी यायचे असते आणि ते येईपर्यंतचे चार-सहा महिने हातात मोकळे पडलेले असतात.

ह्या मोकळ्या दिवसांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न आम्ही पुष्कळ वर्षे प्रश्नच मानला नव्हता. सेमिनरीत घंटेच्या ठोक्यावर वाढलेल्या आम्हांला रिकामा तास म्हणजे मोहाचे दार असेच शिकवले गेले होते. मराठीतही रिकाम्या न्हाव्याची आणि भिंतीला लावलेल्या तुंबड्यांची म्हण आहेच. (त्या बिचाऱ्याकडे गिऱ्हाईक का येत नव्हते, हे मात्र त्याला हसणाऱ्यांपैकी कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.) तेव्हा दाखल्यावर शिक्का मारताना आम्ही प्रत्येकाला एकच उपदेश करीत असू: "बाळा, वेळ दवडू नकोस. काहीतरी नवीन शीक."

दोन वर्षांपूर्वी वसईच्या आमच्या परिसरातील एक पदविकाधारक मुलगा असाच आला. वर्षभराची उमेदवारी संपली होती. आम्ही त्याला संगणकाचा एक आणि इंग्रजी संभाषणाचा एक असे दोन वर्ग सुचवले, ओळखीच्या गृहस्थांना चिठ्ठीही दिली. तो आज्ञाधारक होता. सकाळी एक वर्ग, संध्याकाळी दुसरा, असे त्याचे दिवस भरून गेले. त्याचे आजोबा त्याला अधूनमधून म्हणत, "अरे, तू घरी आहेस तोवर माझ्याबरोबर चार फेऱ्या मार. गावातल्या बावखलांची नावे लिहून घे." कोणते बावखल कोणाच्या हद्दीत, कोणाचे पाणी कोणत्या महिन्यात मचूळ होते, कोणते बुजवून त्यावर इमारत उभी राहिली, हे सारे त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात होते. नातू "उद्या जाऊ" म्हणे. तीन बावखले वहीत उतरली आणि राखेच्या बुधवाराच्या आदल्या आठवड्यात आजोबा गेले. महिन्याच्या मिस्सेनंतर तो मुलगा आमच्यामागोमाग सॅक्रिस्टीत आला आणि म्हणाला, "फादर, हे पाप आहे का?"

आम्ही "नाही" म्हणालो. नीतिशास्त्राच्या दृष्टीने ते उत्तर बिनचूक होते. जाणीव नाही, संमती नाही, कर्तव्याचा भंग नाही. उलट त्याने मोठ्यांचे ऐकले होते. परंतु त्या रात्री ते उत्तर आमच्या घशाखाली उतरेना; कारण त्याने ज्या मोठ्यांचे ऐकले होते, ते आम्हीच.

मग आम्ही संत अगस्तीनकडे वळलो. इसवी सन ३८६ मध्ये मिलान शहरातील वक्तृत्वाच्या अध्यापकाचे मानाचे पद त्यांनी सोडले. तेही द्राक्षांच्या हंगामाच्या सुटीपर्यंत थांबून, गाजावाजा न करता. छातीच्या दुखण्याने तेवढीच सबब दिली. पुढल्या वर्षीच्या ईस्टरला व्हायच्या बाप्तिस्म्यापर्यंत मधे महिने मोकळे होते. व्हेरेकुन्दुस नावाच्या मित्राने कासिकियाकुम येथील आपले शेतघर दिले. तिथे आई मोनिका, मुलगा आदेओदातुस, काही मित्र आणि दोन विद्यार्थी असा मेळावा जमला. दिवसा शेताची कामे, पत्रे, व्हर्जिलच्या काव्याचे वाचन आणि मोनिकेसकट सर्वांचे संभाषण. ह्याच दिवसांतून त्यांचे आरंभीचे संवाद-ग्रंथ जन्मले.

त्यांतला एक प्रसंग आम्हांला फार आवडतो. रात्री अगस्तीन जागे पडले होते. स्नानगृहाजवळच्या पन्हळीतून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज मधेच मंद, मधेच मोठा होत होता. असे का व्हावे, ह्याचा ते विचार करू लागले. तेवढ्यात लिकेन्तियुस ह्या विद्यार्थ्याने उंदराला हुसकावण्यासाठी काहीतरी आपटले आणि तोही जागा असल्याचे कळले. पानगळीचे दिवस, पाने साचून पाणी अडत असावे, असे कारण निघाले. त्या क्षुल्लक गोष्टीवरून विश्वातल्या सुव्यवस्थेवरचा एक ग्रंथच सुरू झाला. मिलानमधल्या धावपळीत ते पाणी त्यांना ऐकू आले असते का?

संत इग्नाती लोयोलांची गोष्ट आपल्या वाचकांना पाठ आहे. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडला. बिछान्यावर पडल्यापडल्या त्यांनी शूर सरदारांच्या कथा मागितल्या, तर घरात ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे एवढेच होते. जी संधी आली ती मागितलेली नव्हती. पण आमच्या प्रश्नासाठी त्याहून मोलाचे आहे ते त्यांचे निरीक्षण. दरबारातल्या पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा येई, मात्र मागाहून मन कोरडे पडे. संतांच्या मागे जाण्याचे विचार संपल्यावरही आनंद टिकून राही. संधी पारखण्याची ही रीत अंथरुणाला खिळलेल्या, रिकाम्या माणसाला सापडली. हे निरीक्षण करायला वेळ लागतो, आणि आम्ही नेमका तोच वेळ मुलांच्या हातून काढून घेत होतो.

'आळस' हे आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत सात प्रमुख पापांपैकी एक. मूळ ग्रीक शब्दाचा आशय मात्र अधिक खोल आहे. संत थॉमस अक्विनास त्याला ईश्वरी कल्याणाविषयीची खिन्नता म्हणतात आणि तो शब्बाथ पाळण्याच्या आज्ञेविरुद्ध ठेवतात; कामाच्या नव्हे, विसाव्याच्या आज्ञेविरुद्ध! दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत सगळे घरे बांधण्याच्या घाईत असताना, १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तत्त्वज्ञ योसेफ पीपर यांनी हाच धागा धरून निवांतपणाची बाजू मांडली. अखंड धावणारा माणूसही ह्या अर्थाने आळशी असू शकतो, हे आम्हांला पन्नाशीनंतर उमगावे, ह्याची लाज वाटते.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. निवांतपणाचे गुणगान पोटभर जेवलेल्याने करणे सोपे असते. कासिकियाकुमचे शेतघर मित्राने दिले होते. आमच्याकडे येणाऱ्या अनेक मुलींच्या घरी बहिणीच्या शुल्काचा हप्ता थकलेला असतो. त्यांनी मिळेल ते काम उचलले, तर त्यांना अगस्तीनच्या गोष्टी सांगणे क्रूरपणाचे होईल. मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात संध्याकाळपर्यंत बाजारात उभे राहिलेले मजूर आळशी नव्हते. त्यांना कोणी कामावर घेतलेच नव्हते, आणि मळ्याच्या धन्याने त्यांचे हे उत्तर खोटे ठरवले नाही.

तेव्हा नवे काही शिकू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्या मुलाचे संगणकाचे शिक्षण वाया गेले नाही. त्याच्या आधारे त्याला आज नोकरी आहे. पण संधी म्हटली की वर्ग, शुल्क आणि प्रमाणपत्र एवढेच आमच्या डोळ्यांपुढे येई. घरातल्या ओसरीवरून आलेली हाक आम्ही संधीत मोजलीच नव्हती. तिला प्रमाणपत्र नसते आणि ती फार दिवस थांबतही नाही. आता आम्ही दाखल्यावर शिक्का मारण्याआधी एवढेच विचारतो: "सध्या घरी कोण कोण असते? तुला कोणी काही मागितले आहे का?" काही मुले गोंधळतात, काही हसतात. एका मुलीने मात्र डोळे पुसले. का ते आम्ही विचारले नाही.

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर तो मुलगा वही घेऊन आला. आम्ही दोघे चौथ्या बावखलाकडे गेलो. काठाशी कपडे धूत असलेल्या एका आजीबाईंना त्याचे नाव विचारले. त्यांनी सांगितले. तेवढ्यात शेजारच्या वाडीतले एक वृद्ध गृहस्थ पुढे आले आणि ते नाव साफ चुकीचे असल्याचे म्हणाले. दोघांची चांगलीच जुंपली. मुलाने खिशातून पेन काढले आणि दोन्ही नावे लिहून घेतली.