बिघाड राहतो कुठे?

तुपाची वाटी डिशवॉशरमधून बाहेर काढली, तर तळाशी तूप जसंच्या तसं थिजलेलं. ग्लास ओलेचिंब, कुकरचं झाकण गारेगार. मशीनने मात्र दोन तास घुरघुर करून, शेवटची शिट्टी वाजवून, काम फत्ते झाल्याचा आव आणला होता. पाणी आत येत होतं, फवारलं जात होतं, बाहेरही पडत होतं. तापत तेवढं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने मशीन ओट्याखालून ओढून काढलं, मीटर लावला आणि हीटर गेल्याचं सांगितलं. आमच्या मॉडेलमध्ये हीटर आणि पाणी फिरवणारा पंप एकाच जोडणीत येतात, सुटा हीटर मिळत नाही. मजुरीसकट साडेअकरा हजार. मग मशीनच्या वयाची चौकशी करून तो म्हणाला, "ताई, साडेपाच वर्षं झाली. यात पैसे घालण्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये देऊन नवीनच घ्या." नवीन बेचाळीस हजारांना.

घरात लगेच दोन तट पडले. हे म्हणाले, जुन्याला ठिगळं किती लावायची? सासूबाईंचं म्हणणं, चालतंय ते टाकायचं कशाला. (2020च्या लॉकडाउनमध्ये कामाच्या मावशींचं येणं बंद झालं तेव्हा हे मशीन आणायला सर्वांत मोठा विरोध सासूबाईंचाच होता, ही गोष्ट वेगळी.) अशा वेळी एक ढोबळ नियम सांगतात. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर नवीन घ्यावं. नियम वाईट नाही. त्या हिशेबाने आमची दुरुस्ती बसत होती आणि विषय तिथेच मिटला असता. पण हा नियम किती लागतील एवढंच विचारतो. गेलं कशाने, हे विचारत नाही.

ते मला सुचलं बाल्कनीतल्या खोक्यामुळे. जुन्या वायरी, तुटके प्लग, कधीतरी उपयोगी पडेल असं सगळं त्यात असतं. मशीनची वॉरंटीची कागदं शोधताना हाताला गिझरची जुनी कॉइल लागली. या साडेपाच वर्षांत ती दोनदा बदलली आहे. दोन्ही वेळा इलेक्ट्रिशियनने पाच मिनिटांत काम उरकलं, आम्ही पैसे दिले आणि विसरलो. ती कॉइल अंड्याच्या कवचासारख्या पांढऱ्या थराने पूर्ण मढलेली होती. नख लावलं तर पापुद्रा सुटला, आणि खाली धातू काळवंडून फुटलेला.

म्हणजे या घरात पाणी तापवणाऱ्या तीन वस्तू गेल्या, आणि आम्ही त्यांना तीन वेगळे अपघात समजत होतो.

आम्ही राहतो वाघोलीत, आणि सोसायटीचं बरंचसं पाणी टँकरचं आणि बोअरचं. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणत. साबणाला फेस येत नाही ते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार त्यात विरघळलेले असतात. पाणी तापलं की त्यातल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि ते सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे थेट हीटरवर, चिकटतं. हा थर उष्णता अडवतो. पाण्याकडे जायची उष्णता धातूतच कोंडते, धातू सोसायच्या पलीकडे तापतो आणि एक दिवस तुटतो. औषधाच्या दुकानात नव्हे, मत्स्यालयाच्या दुकानात कठीणपणा तपासायच्या पट्ट्या मिळतात. आमची पट्टी लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या खुणेवर थांबली. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा 200 आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत. पिऊन आपल्याला काही होणार नाही. हीटरला होतं.

मशीन बनवणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. डिशवॉशरच्या तळाशी मीठ घालायचं एक झाकण असतं. आत राळेचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी त्यांना धुऊन पुन्हा कामाला लावतं. मीठ संपलं की मणी नुसते बसून राहतात. आमच्या मशीनवर मिठाचा दिवा किती महिने लागलेला होता हे मी इथे लिहीत नाही. धुण्याच्या वड्यांच्या पाकिटावर 'सगळं एकात' असं छापलेलं होतं आणि आम्ही ते सोयीने खरं मानलं. इतक्या क्षारांपुढे त्या वड्यांचं काही चालत नाही. शिवाय पाणी किती कठीण आहे तो आकडा मशीनमध्ये आपण भरायचा असतो, आणि आमचा आकडा कारखान्यातून आला तसाच होता.

इथे मूळ प्रश्नच बदलतो. दुरुस्ती की नवीन, या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे बिघाड मशीनमध्ये आहे. आमचा बिघाड घरात होता, मशीन त्याचा बळी. नवा हीटर जुन्या मशीनमध्ये बसवला काय किंवा नव्या मशीनसोबत आला काय, त्याच पाण्यात उकळणार. साडेअकरा हजार घाला की बेचाळीस, रोगाला त्याचं सोयरसुतक नाही.

माझ्या ठाण्याच्या बहिणीला हे महागात पडून कळलं. तिच्या मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळालं. कार्ड महाग, म्हणून तिने सरळ नवीन मशीन घेतलं. चौदा महिन्यांत त्याचंही कार्ड गेलं. या वेळी मेकॅनिकने पत्रा उघडला तेव्हा कार्डावर दोन वाळलेली झुरळं होती. ओट्याखाली ऊब असते, ओल असते, अन्नाचा वास असतो. झुरळांना आणखी काय हवं? मशीन नवं आलं, झुरळं तीच होती.

हे सगळ्यांनाच लागू करून चालणार नाही. काही बिघाड खरोखर मशीनचे असतात, वयाचे असतात. दाराचं रबर कडक होतं, बिजागरीची स्प्रिंग सैलावते, भांड्यांच्या जाळीचं आवरण सोलून आतली तार गंजते. हे आलटून पालटून व्हायला लागलं, किंवा तळाचा पत्राच गंजून पाणी गळू लागलं, तर बदलावं, रडत बसू नये. तिथे 'आत्ताच तर पंप बदलला' हा युक्तिवाद कामाचा नाही. गेलेले पैसे दोन्ही पारड्यांतून गेलेलेच असतात. तोलायचं ते पुढच्या वर्षांवर. आमचं मशीन आणखी चार वर्षं चाललं असं धरलं, तर दुरुस्ती वर्षाला सुमारे 2900 रुपयांना पडते. नवं दहा वर्षं टिकलं तर 4200 ला. पण आमच्या घरात दहा वर्षं कुठून आणायची? साडेपाचच धरा, म्हणजे वर्षाला साडेसात हजारांच्या वर. नव्या मशीनचं आयुष्य त्याच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं, ते निम्मं आपल्या नळातून येतं.

एक अडचण मात्र उरते, सुटे भाग. युरोपीय संघात 1 मार्च 2021 पासून डिशवॉशरच्या कंपन्यांवर बंधन आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही पंप, हीटर, कार्ड असे भाग किमान 7 वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत, आणि रबर, फवाऱ्याचे पंखे, जाळ्या 10 वर्षं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 ला 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. तिथे माहिती मिळते. भाग हातात पडेलच असं नाही. म्हणून मेकॅनिकला किंमत विचारायच्या आधी विचारावं, भाग आहे का, आणि जुना काढलेला मला दाखवाल का?

आमचा दाखवला त्याने. पंपाच्या नळीत आतून तोच अंड्याच्या कवचासारखा थर. गिझरची कॉइल शेजारी ठेवली तर भावंडंच वाटावीत.

भाग बसला. त्याच संध्याकाळी मी कठीणपणाचा आकडा वाढवला आणि नरसाळं लावून किलोभर जाडं मीठ त्या झाकणातून ओतलं. स्वयंपाकाचं चालत नाही, त्यात मोकळं राहावं म्हणून मिसळलेले पदार्थ असतात. आधीचं पाणी उतू येतं, सांडलेलं मीठ तसंच राहिलं तर आतला पत्रा गंजतो, म्हणून लगेच एक फेरी रिकामी चालवायची. मावशी केर काढत होत्या. थांबून बघत राहिल्या.

"एवढं मीठ? लोणचं घालताय का ताई?"

गिझरला मीठ घालायची सोय नाही. त्याची चौथी कॉइल आणून ठेवली आहे.