कुणाच्या हाकेने जाग येते?

मदिना शहरात पहाटे दोन अजाना होत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पहिली हजरत बिलाल (रजि.) यांची, रात्र उरलेली असताना, झोपलेल्याने उठावे, रात्रीच्या नमाजात असलेल्याने आवरते घ्यावे म्हणून. दुसरी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांची, ती झाली की खाणेपिणे बंद. हे दुसरे मोअज्जिन अंध होते. उजाडले हे त्यांना दिसत नसे, लोक सांगत तेव्हा ते अजान देत. ज्याला पहाट दिसत नाही त्याच्या आवाजावर साऱ्या शहराचा रोजा सुरू होई. त्यांना कुणी परावलंबी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

मग ज्याला ती अजानच ऐकू येत नाही, त्याने कसे उठावे?

माझ्या वर्गात पाचवीला एक मुलगा होता. आईवडील दोघेही जन्मापासून कर्णबधिर, मुलाला मात्र ऐकू येते. घर घाटकोपरच्या डोंगरउतारावर, दहा बाय बाराची खोली. नळाला पाणी पहाटे साडेचारला. गजराचे घड्याळ या मुलाच्या उशाशी. त्याने उठायचे आणि आईला हलवायचे. रमजानमध्ये सहरीसाठी त्याहून लवकर. शेजारीपाजारी कौतुक करीत, किती नेक औलाद! नेक तो होताच. पण दोन मोठ्या माणसांची पहाट दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या झोपेवर टांगलेली होती. एकदा त्याला जाग आली नाही. पाणी गेले, सहरीही गेली. आईवडील रागावले नाहीत, तोच रडवेला होऊन शाळेत आला. पुढे पालकसभेला वडील आले आणि इशाऱ्यांनी काही विचारू लागले. दुभाष्या म्हणून मुलगाच मध्ये उभा. बहिऱ्या माणसाला उठवील असे घड्याळ कुठे मिळते, असा त्यांचा प्रश्न होता. तो आपल्या तोंडाने सांगताना मुलगा खाली बघत होता.

तिथे बसलेल्या एका बुजुर्गांनी समजूत घातली, की शरियतमध्ये अशा माणसाला माफी आहे. झोपलेला जागा होईपर्यंत त्याच्यावरून कलम उचलले गेले आहे, या अर्थाची हदीस प्रसिद्ध आहे. बुजुर्गांचे म्हणणे चूक नाही, पण मला ते अपुरे वाटते. खैबरहून परतताना हुजूर (स.) आणि सहाबा रात्री मुक्कामाला थांबले, तो प्रसंग आठवावा. फजरला उठवण्याची जबाबदारी आधी बिलाल (रजि.) यांच्यावर सोपवली गेली. ते जागत बसले, उंटाला टेकले आणि त्यांचाही डोळा लागला. सर्वांना जाग आली ती उन्हाने. मग नमाज अदा झाली, कुणावर ठपका आला नाही. इथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी उठवण्याची व्यवस्था, ती फसल्यावर माफी. कर्णबधिराच्या बाबतीत आपण हा क्रम गाळतो आणि व्यवस्थेच्या जागी माफीच देऊन मोकळे होतो. ज्याला रोजा धरायचा आहे त्याला माफी घेऊन काय करायचे?

व्यवस्था तशा अवघड नाहीत. दिवसा कानाचे मशीन लावणारा माणूस झोपताना ते काढून ठेवतो. कॉक्लिअर इम्प्लांट असले तरी त्याचा बाहेरचा भाग बहुतेक जण रात्री उतरवतातच. म्हणजे उपचार झालेलाही रात्री बहिराच. म्हणून जागे करण्याचे काम कानाला वगळून करावे लागते, उजेडाने किंवा थरथरीने. यांत उजेड फारसा भरवशाचा नाही. ऑस्ट्रेलियात डोरोथी ब्रुक आणि इयान थॉमस यांनी कमी ऐकू येणाऱ्या झोपलेल्या माणसांवर आगीच्या इशाऱ्याचे प्रयोग केले, ते २००७ साली प्रसिद्ध झाले. नुसत्या चमकणाऱ्या दिव्याने सुमारे चौथा हिस्सा लोक जागे झाले. अंथरुणात थरथरणाऱ्या यंत्राने दर पाचांतले चार. आणि आपल्या एका खोलीच्या घरात दिवा चमकला तर ज्याला उठवायचे तो सोडून बाकी सारे उठतील!

थरथरणारे यंत्र म्हणजे एक छोटी मोटर, तिच्या दांड्याला एका बाजूला जड वजन. मोबाइलमध्ये असते तसेच, जरा मोठे. ते उशीखाली किंवा गादीखाली ठेवतात. लाकडी पोटमाळ्यावर ही थरथर चांगली पोचते. फरशीवर अंथरलेल्या कापसाच्या गादीत ती बरीचशी मुरून जाते, आणि एकाच गादीवर चौघे झोपत असतील तर चौघांना हलवते. अशा घरात मनगटी पट्टा बरा. ज्याची पहाट, त्याच्याच हाताला थरथर.

आपल्या उपनगरातच, वांद्र्याला, १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था श्रवण आणि वाचा या विषयांत काम करते. उस्मानिया आणि अलिगढ विद्यापीठांचे कुलगुरू, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले हे गृहस्थ. समाजातल्या किती पालकांना तिचा रस्ता ठाऊक आहे?

घड्याळ दिले की माया कमी होते, असेही एक म्हणणे कानावर येते. आई म्हणते, मी आहे ना उठवायला. या वाक्यात प्रेम आहे हे खरे, पण आईला ताप आलेला असतो, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी जाते, मुलाला पहिली लोकल पकडायची असते. रोज उठवणाऱ्याची मर्जी सांभाळावी लागणे आणि गरज पडली तर हाक मारता येणे, यांत फरक आहे. आणि आपण ऐकणारे तरी कुठे स्वतःहून उठतो? गिरणगावाला भोंगा उठवी. आपल्याला मोअज्जिन, सहरीवाला, दूधवाला, शेजारच्या नळाखालची बादली. ही सारी मदत न मागता मिळते, म्हणून ती मदत वाटत नाही.

जून २०२५ अखेर मुंबई पोलिसांनी शहरातल्या धार्मिक स्थळांवरचे सुमारे दीड हजार भोंगे उतरल्याचे जाहीर केले. त्यातल्या न्याय-अन्यायाचा विषय वेगळा, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला वेगळीच गोष्ट जाणवली. काही मशिदींनी मोबाइल अ‍ॅपवरून अजान पोचवायला सुरुवात केली, आणि फजरला उठायचे कसे ही चर्चा चांगले कान असलेल्या लोकांत सुरू झाली. आमच्या त्या पालकांनी हाच प्रश्न आधी विचारला होता. तेव्हा तो एका घराचा होता, आता मोहल्ल्याचा झाला. उपाय शोधणे कुणाला कमीपणाचे वाटले नाही. सदक्याच्या पैशातून आपण कानाची मशीने देतो, त्यांच्या सोबतीला थरथरणारे घड्याळ द्यायला काय हरकत आहे? मशिदीच्या कमिटीने मोहल्ल्यातल्या कर्णबधिरांना एकदा बसवून विचारावे, सहरीला कसे उठता. हा प्रश्न त्यांना बहुधा कुणी केलेलाच नसतो.

त्या घरात आता मनगटी पट्टा आला आहे. मुलगा सहा वाजेपर्यंत झोपतो. पट्टा एकच, तो वडिलांच्या हाताला. साडेचारला पाणी मात्र आईच भरते, आणि तिला उठवायला वडील हात लावून हलवतात. दुसऱ्या पट्ट्याचे मी विचारले, तेव्हा वडील हसले. आईने मात्र किंमत विचारली.