खाडाखोड

तालुक्याच्या गावी शासनमान्य 'ब' वर्गाचं एक वाचनालय. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी गावच्याच एका पोराला देवघेवीचं सॉफ्टवेअर करायला सांगितलं. पोरगा पुण्यात आयटीत, हुशार. त्यानं रिअ‍ॅक्ट घेतलं, नोड घेतलं, डेटाबेस क्लाउडवर टाकला. स्क्रीन इतकी देखणी झाली की कार्यकारिणी खूश. बाईंनी चष्मा वर सारत एवढंच विचारलं, "अरे, हे 'डिलीट' कशाला?"

"चुकलं तर पुसायला, बाई."

बाईंनी कपाटातून दाखल नोंदवही काढली. एका कादंबरीची किंमत चुकली होती. तिच्यावर लाल शाईची रेघ, शेजारी खरा आकडा आणि सही. "आमच्यात पुसत नाहीत. जिल्हा ग्रंथालय अधिकारी तपासणीला आले की पहिली खाडाखोड बघतात."

पोरगा पुन्हा कामाला लागला. जुनी नोंद ठेवायची, कुणी बदलली ते ठेवायचं, कुणाला बदलू द्यायची ते ठरवायचं. एक गाठ सोडवली की दुसरी बसे. ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं फ्रॅपे या फ्रेमवर्कचं नाव काढलं, तर हा हसला. मुलाखतीत जे कुणी विचारत नाही ते शिकून करायचं काय? आणि तेही मुंबईत बनलेलं! (परदेशातून आलं की फ्रेमवर्क, इथं झालं की जुगाड, ही आपली जुनी खोड.)

शेवटी नाइलाजानं त्यानं ते उतरवलं. बसवतानाच घाम निघाला. मारियाडीबी, रेडिस, पायथन, नोड, सगळ्यांच्या आवृत्त्या जुळायला हव्यात. विंडोजवर थेट बसत नाही. डॉक्युमेंटेशन कुठं कुठं तोकडं. पण एकदा उभं राहिल्यावर त्यानं ब्राउझरमध्येच 'सभासद' नावाचा डॉकटाइप, म्हणजे नोंदीचा साचा, केला. नाव, पत्ता, अनामत, वर्गणी कुठवर भरली. सेव्ह करताच टेबल, फॉर्म, यादी, शोध, परवानग्या, एपीआयसुद्धा तयार. वर्गणी थकलेल्याला पुस्तक न देण्याचा नियम पायथनच्या मोजक्या ओळींत बसला.

मग दाखल नोंदीच्या डॉकटाइपमध्ये 'इज सबमिटेबल' अशी एक चौकट दिसली. तिच्यावर टिक केली की सबमिट झालेली नोंद कुलूपबंद. चूक सापडली तर आधी रद्द करा, मग 'अमेंड' करा. नवी नोंद जुन्याच क्रमांकापुढे '-१' लावून येते आणि जुनी 'रद्द' असा शिक्का घेऊन जागेवर राहते. डिलीटची परवानगी त्यानं काढूनच टाकली. इतके दिवस जे तो हातानं रचत होता, ते इथं कुणीतरी आधीच करून ठेवलं होतं.

ठेवणारच. मुंबईच्या ऋषभ मेहतांनी घरच्या फर्निचरच्या धंद्याची गरज म्हणून जे हाती घेतलं, त्यातून ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर उभं राहिलं, आणि फ्रॅपे हा त्याचाच पाया. बिलं-पावत्यांत वाढलेल्या फ्रेमवर्कला वहीची शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही.

नवी स्क्रीन करडी, सगळे फॉर्म एका साच्याचे. कार्यकारिणीतल्या एकानं नाक मुरडलं. बाईंनी एक नोंद मुद्दाम चुकवली, रद्द केली, दुरुस्त केली, दोन्ही क्रमांक वाचले आणि म्हणाल्या, "हे चालेल."

फ्रॅपे एमआयटी परवान्याखाली आहे, फुकट मिळतं. तुमच्या वाचनालयात अजून वह्याच असतील तर गावातलं एखादं आयटीतलं पोर गाठा. कीबोर्डला हात लावण्याआधी त्याला दाखल नोंदवही मात्र पहिल्या पानापासून वाचायला लावा.