ज्या आवाजाला ओ द्यावी लागत नाही

मन निवायला जागा बदलावी लागते का, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे: लागत नाही, सगळे मनातच असते. हे उत्तर इचलकरंजीत तपासून पाहावे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून हे गाव मागांच्या खडखडाटावर जगत आले आहे. साध्या मागावर धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला ठोका बसतो. बारा तासांच्या पाळीत एक कामगार असे चार-सहा माग सांभाळतो. त्याचा कान मात्र त्या गोंगाटाकडे नसतो, तो गोंगाटातल्या खंडाकडे असतो. कांडी संपली किंवा आडवा धागा तुटला की एक माग गप्प होतो, आणि पाठमोरा उभा असलेला माणूसही तेवढ्यावरून वळतो. मजुरी विणलेल्या कापडावर मोजली जाते, म्हणून थांबलेला माग म्हणजे बुडालेली मजुरी. अशा माणसाला शांतता म्हणजे काहीतरी बिघडल्याची खूण असते. ‘मनात शांत हो’ असे त्याला सांगणे सोपे आहे. पण शांततेलाच दचकायला ज्याचे मन शिकले आहे, त्याने ते करायचे कसे?

हाच माणूस घाट उतरून सिंधुदुर्गात निवतीच्या किल्ल्याखालच्या पुळणीवर जाऊन बसला, तर तिथेही आवाज असतोच. लाटा क्षणभरही थांबत नाहीत. तरीही तिथे मन निवते, कारण त्या आवाजाला ओ द्यावी लागत नाही. एक लाट चुकली म्हणून काही तुटत नाही. मला वाटते, एकांताचा खरा अर्थ इथे आहे. आपल्याला हाक मारणारे काही तिथे नसणे, म्हणजे एकांत. माणसे असण्या-नसण्याशी किंवा आवाजाच्या पातळीशी त्याचा संबंध फार थोडा.

या म्हणण्याला मोठा आधार ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे. गीता तिथे एकांत आणि शुद्ध जागा एवढेच सांगून पुढे जाते. ज्ञानेश्वर मात्र त्या जागेचे वर्णन करायला थांबतात. जागा अशी हवी की नास्तिकालाही तिथे आस्था वाटावी, आणि विलासी माणसालाही राज्य सोडून तिथेच राहावेसे वाटावे. साधकांची वस्ती चालेल, लोकांची वर्दळ नको. हंस-सारस असावेत, मोर अधूनमधून आले तरी त्यांना नाही म्हणायचे नाही. ज्यांनी आत्मज्ञानाची परमोच्च गोष्ट सांगितली, ते जागेच्या बाबतीत इतके बारकाईने का बोलतात? जागा बिनमहत्त्वाची असती तर हे सगळे वर्णन सजावट ठरले असते, आणि त्या ग्रंथात नुसत्या सजावटीला इतकी जागा मिळाली असेल असे मला वाटत नाही. शेवटी ते जी कसोटी देतात ती तर फारच मोलाची आहे: मन कुठे राहते ते पाहावे आणि तिथे आसन घालावे. म्हणजे निकाल मनाचा, पण तो जागोजागी बसून पाहिल्याशिवाय लागत नाही.

यावर पहिला आक्षेप रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा. ग्रीक भाषेत लिहिलेल्या आपल्या टिपणांत तो म्हणतो की, लोक विसाव्यासाठी खेडी, समुद्रकिनारे आणि डोंगर शोधतात, पण माणसाला हव्या त्या क्षणी स्वतःच्या आत माघार घेता येते. त्याच्यावरचा भार खरा होता. युद्धाच्या छावण्यांत त्याची वर्षे गेली. तरीही हव्या त्या क्षणी आत वळण्याची मुभा ही सत्ता असलेल्याची मुभा आहे. सम्राट क्षणभर डोळे मिटू शकतो, कारण दार राखायला इतर असतात. मागावरच्या माणसाला ती सोय नाही.

दुसरा आक्षेप घरचा आहे आणि अधिक वजनदार आहे. सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला, कबीर विणकरच होते. मग कामातच देव का सापडू नये? सापडतो, हे मला मान्य आहे. पण हातमागाची लय विणणाऱ्याच्या हातापायांतून येते, यंत्रमागाची मोटरमधून. पहिलीत मन मिसळू शकते, दुसरीच्या मागे ते धावते. आणि गोरा कुंभाराची कथा आपण भक्तीची थोरवी म्हणून ऐकतो, तेव्हा तिच्यातली भीती विसरतो: माती तुडवताना तो नामात इतका बुडाला की स्वतःचे मूल पायाखाली आले. काम आणि तल्लीनता एकत्र नांदवण्याची किंमत संतपरंपरेनेच इतक्या स्पष्टपणे नोंदवून ठेवली आहे. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राजवळ तर ती भीती आणखी जवळची.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्या पुळणीला आपण निर्जन म्हणतो, ती कुणाची तरी कामाची जागा असते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर रापण ओढतात: होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून दोन तुकड्यांनी ओढायची. बांगडा-तारलीवर नजर ठेवणाऱ्या त्या माणसांना समुद्राचा आवाज हाकच मारत असतो. पाहुण्याचा एकांत आणि त्यांचा कारखाना एकाच वाळूवर आहे. याचा अर्थ एकांत खोटा ठरतो असा नाही. तो जागा आणि माणूस यांच्यातल्या नात्यात असतो, एवढाच. रापणवाल्यालाही कुठेतरी वर, देशावर, त्याला हाक न मारणारी जागा हवी असेल. मात्र ‘इथे कुणी नसते’ म्हणून पुळण विकायला काढणारे आधी रापणवाल्याला दृष्टिआड करतात आणि मग वर्दळ आणून पाहुण्याचा एकांतही संपवतात.

म्हणून मी हा प्रश्न साधनेचा मानतो तितकाच धर्माचा, म्हणजे आपण एकमेकांचे काय देणे लागतो याचा मानतो. इचलकरंजीच्या परिसरात अन्नदानाला हात आखडत नाहीत. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर माणसे आवर्जून जातात, कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर जातात. वाटेवर पाणी देणे, मुक्कामाला छप्पर देणे हे पुण्य आहे, हे कुणाला पटवावे लागत नाही. भुकेल्याला जेवण देणे पुण्य, मग ज्याच्या कानाला वर्षानुवर्षे उसंत नाही त्याला मजुरी न कापता चार दिवस देणे पुण्यात का मोजले जाऊ नये? परवडत नाही, असे छोटा मागमालक म्हणेल, आणि तो खोटे बोलत नसेल; सुताचे भाव आणि विजेचे बिल त्यालाही हाका मारत असतात. तसे असेल तर हा भार एकेका मालकावर न टाकता भंडाऱ्यासारखी वर्गणी करून उचलावा, आणि त्या चार दिवसांच्या यादीत मालकाचेही नाव असावे.