पळून गेलेला मासा

मालवणच्या एका शाळेत मी पाण्याखाली टिपलेली दृश्यं दाखवत होतो. खडकाच्या कपारीतला ऑक्टोपस पडद्यावर आला, तशी पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही नसता तेव्हा तो काय करतो?" मी त्याच्या खाण्यापिण्याचं थोडंफार सांगितलं. पण तिनं ते विचारलंच नव्हतं, आणि तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

समुद्र सुंदर आहे, प्रवाळ मरतंय, प्लास्टिक वाढतंय, हे वाचकांना नव्यानं सांगायला नको. मला छळतो तो प्रश्न छोटा आहे. छातीत दम धरून, सिलिंडरशिवाय बुडी मारायची आणि खालचे जीव टिपायचे, या एका वेडात माझं आयुष्य गेलं. अशा चित्रणात दिसणारा प्राणी कितपत रानटी असतो?

प्राण्याला आपली फिकीर नसणं वेगळं आणि त्यानं आपल्याला खपवून घेणं वेगळं, हे मी जागोजागी सांगत आलोय. पावसाळा सरून पाणी निवळलं की सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांत हा फरक अगदी जवळून बघता येतो. मी खाली पोचतो तेव्हा ऑक्टोपसचं अंग काळवंडतं, कातडीवर खरखरीत फोड उठतात. तो दारातले शिंपले दोन हातांनी ओढून घेतो आणि फटीतून फक्त एक डोळा बाहेर राहतो, आडव्या बाहुलीचा. मी वर जातो, पुन्हा येतो. बऱ्याच वेळानं एका हाताचं टोक बाहेर येतं आणि शेजारची भेग चाचपू लागतं. प्रेक्षक म्हणतात, किती निवांत आहे! तो निवांत नसतो. त्यानं मला हिशेबात धरलेलं असतं, इतकंच.

सिलिंडर लावून चित्रण करणारा माझा एक जुना मित्र आहे. त्याच्याशी माझा वाद वर्षानुवर्षांचा. माझं म्हणणं असं, की दम धरून उतरणाऱ्याचे बुडबुडे नाहीत, आवाज नाही, म्हणून प्राणी बिथरत नाही. त्यावर तो एकदा म्हणाला, "समुद्रात वरून, दम धरून, आवाज न करता खाली कोण येतं रे? पाणकावळा, नाहीतर डॉल्फिन. दोघंही खायला येतात. तुझी शांतता माशांच्या चांगल्या ओळखीची आहे." याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

त्याचं सगळंच मी मानत नाही. बुडबुड्यांना मासे सरावतात, असं तो म्हणतो. सरावत असतील, पण जिथे रोज होड्या भरून माणसं उतरतात तिथले सरावलेले मासे रानटी म्हणायचे कसे? शिवाय सिलिंडरवाला पाऊण तास बिळाच्या तोंडाशी ठाण मांडू शकतो, म्हणजे आतल्या जिवाला पाऊण तास नाकेबंदी. मला मिनिटाभरात निघावंच लागतं आणि त्या जिवाला त्याचा समुद्र परत मिळतो. "पण तू पुन्हा येतोस," असं मित्र म्हणतो, आणि तेही खरंच आहे.

या दमाबद्दल इथे थोडं सांगायलाच हवं, कारण लोकांना तो ताकदीचा खेळ वाटतो. चेहरा पाण्यात गेला की हृदयाची गती मंदावते, हातापायांतलं रक्त आत ओढलं जातं, प्लीहा आकसून तांबड्या पेशींचा साठा सोडते. इंडोनेशियातल्या बाजाऊ लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारण्यात गेल्या. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची प्लीहा शेजारच्या सालुआन लोकांच्या प्लीहेपेक्षा सुमारे 50 टक्के मोठी आढळली. मात्र जीव घुसमटतो तो प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. बुडीआधी भराभर श्वास घेणारा हा वायू उडवून टाकतो, प्राणवायू जवळपास तेवढाच राहतो आणि धोक्याची सूचनाच येत नाही. मग वर येताना, पृष्ठभागाजवळ, माणसाची शुद्ध अचानक हरपते. म्हणून नजर ठेवणारा जाणता जोडीदार पाण्यात नसेल तर उतरूच नये. हातात कॅमेरा असला की धोका आणखी वाढतो, कारण आणखी दोन सेकंद थांबण्याचा मोह तिथेच होतो.

आमच्या त्या शांततेच्या वादात इतिहासही मित्राच्या बाजूचा आहे. 1939 साली ऑस्ट्रियन पाणबुड्या हान्स हास कॅरिबियन समुद्रात कॅमेरा घेऊन उतरला तो मुळात भाल्यानं मासे मारणारा. कुस्तो, द्युमा, तायये हे फ्रेंच पाणबुडेही तसेच. त्यांचा पहिला चित्रपट दम धरून टिपलेल्या मासेमारीचाच आहे. चाहूल न देता जवळ जाण्याची आमची कला शिकाऱ्यांची आहे.

पुढे कुस्तोचा 'द सायलेंट वर्ल्ड' आला. 1956 मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक आणि नंतर ऑस्करही त्याला मिळालं. त्यात मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग लावलाय. स्पर्म व्हेलचं पिल्लू जहाजाच्या पंख्यात सापडतं, त्याच्या रक्तावर शार्क जमतात आणि खलाशी त्यांना मारून काढतात. आज ते बघवत नाही. पण कुस्तोनं ते कापलं नाही, म्हणून त्या जहाजाची किंमत समुद्रानं काय मोजली हे आपल्याला कळतं. 2020 च्या 'माय ऑक्टोपस टीचर' या माहितीपटात क्रेग फॉस्टरच्या हातून लेन्स पडते आणि घाबरलेली ऑक्टोपस आपलं बीळ सोडून जाते. फॉस्टरनं तेही ठेवलंय. त्यामुळेच पुढे ती त्याच्या हाताला हात लावते, त्यावर माझा विश्वास बसतो.

आम्ही बाकीचे काय करतो? संकलनाला बसलो की काळवंडलेलं अंग, उडालेली शाई, शेपूट फिरवून पळालेला मासा आधी उडवतो आणि प्राणी सरावल्यानंतरची मिनिटं जोडून त्याला निसर्ग म्हणतो. माणूस नसताना प्राणी काय करतो हे बघायचं असेल तर खडकावर कॅमेरा ठेवून निघून जावं. संशोधक तसं करतात, अनेकदा समोर आमिष बांधून, म्हणजे तिथेही माणसाचा हात राहतोच. दम धरून टिपलेलं चित्रण त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देऊच शकत नाही. माणूस येऊन ठेपल्यावर प्राणी काय करतो याची साक्ष मात्र ते देऊ शकतं, आणि आजच्या समुद्रात तीही मोलाची आहे. नेमकी तीच साक्ष आम्ही कात्रीनं काढून टाकतो.

सिलिंडर बरा की दम बरा, या वादात मला आता रस उरलेला नाही. बुडी कशी मारली यावरून चित्रण खरं की खोटं ते ठरत नाही. पाण्याखाली कॅमेरा नेणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: तुम्हाला बघून पळालेला मासा चित्रपटात ठेवा, आणि तो सुरुवातीलाच दाखवा.