खूण आणि लांछन

नरकचतुर्दशीची पहाट होती. परसात चुलीवर पाणी तापत होते, ओट्यावर दोन पणत्या मिणमिणत होत्या आणि डोळे चोळीत बसलेली मुले पाटावर बसण्याची आपापली पाळी धरून होती. माझी धाकटी बहीण कळमनुरीकडे दिली आहे. त्या वर्षी ती दोन दिवस आधीच माहेरी आली होती. आपल्या सहा वर्षांच्या मुलीला ती उटणे लावीत होती आणि मी पायरीवर बसून पाहत होतो. डाव्या गालावरून तिचा हात हलका फिरे. उजव्या गालावर आला, की तोच हात जड होई. ती घासत राही. पोर मुकाट्याने सोसत होती. शेवटी ती म्हणाली, "आई, तो मळ नाही गं."

बहिणीचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा घासू लागला.

माझ्या या भाचीच्या उजव्या डोळ्याखालून गालापर्यंत एक निळसर-करडा चट्टा आहे. दौत कलंडावी आणि सांडलेली शाई नीट पुसली जाऊ नये, तसा. डोळ्याच्या पांढऱ्या भागातही त्याची पुसट झाक आहे. त्या पहाटेपासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. जन्माबरोबर आलेली खूण माणसाने जपावी की पुसावी? आणि पुसायची, तर ती कोणासाठी?

मराठीच्या तासाला मी मुलांना शब्दांचे अर्थ कसे पालटतात ते सांगत असतो. 'लांछन' हाच शब्द घ्या. मूळ संस्कृतात लांछन म्हणजे नुसती खूण. विष्णूच्या छातीवर श्रीवत्सलांछन आहे. भृगु ऋषींनी लाथ मारली तिची ती खूण, आणि देवाने ती भूषण म्हणून मिरवली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. पंढरीच्या विठोबाच्या छातीवरही ती दाखवतात. आमच्याच जिल्ह्यात शिरड शहापूरला मल्लिनाथांचे जैन क्षेत्र आहे. तीर्थंकरांच्या मूर्ती दिसायला बहुतेक सारख्याच. कोणती कोणाची, हे खालच्या चिन्हावरून ओळखायचे. मल्लिनाथांचे चिन्ह कलश. त्या चिन्हालाही लांछनच म्हणतात. चंद्रावरच्या डागात आपल्या पूर्वजांना ससा दिसला म्हणून चंद्र शशांक झाला, आणि ते नाव आपण हौसेने मुलांना ठेवतो. औंढ्याला नागनाथापुढे हात जोडणाऱ्या कोणालाही शंकराचा निळा कंठ हे व्यंग वाटत नाही. मग मराठीत येता येता त्याच शब्दाचा अर्थ बट्टा, बदनामी असा का व्हावा? देवाच्या अंगावर असली की ती खूण, आणि माणसाच्या, त्यातून मुलीच्या, अंगावर असली की तो डाग, असा न्याय आपण कधी लावला हे आपल्यालाही आठवत नाही.

आणि या डागाचा ठपका मुलीवर येण्याआधी तिच्या आईवर येतो. १५ जानेवारी २०१० रोजी, संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी, सूर्यग्रहण लागले होते. दक्षिणेत रामेश्वरकडे ते कंकणाकृती दिसले, आपल्याकडे खंडग्रास. माझ्या बहिणीला तेव्हा दिवस गेले होते. ग्रहण भर दुपारचे. शेतावरची माणसे जेवायला यायची होती. तिने विळीवर भाजी चिरली. उन्हाळ्यात मुलगी झाली. बारशाच्या दिवशी एका वडीलधाऱ्या बाईंनी पाळण्यात डोकावून एवढेच म्हटले, "ग्रहण पाळलं नाही वाटतं." त्या चार शब्दांचे ओझे माझी बहीण पुढे कित्येक वर्षे वाहत होती, आणि तेच त्या पहाटे उजव्या गालावर उतरत होते, हे मला फार उशिरा कळले.

कळले ते नांदेडला, एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात. भाची तेव्हा चौदा वर्षांची होती. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. विज्ञानाशी माझा संबंध शाळेच्या पुस्तकाइतकाच. पण डॉक्टरांनी इतके सोपे करून सांगितले, की माझ्याही ध्यानात आले. नंतर जमेल तसे मी वाचूनही पाहिले.

आपल्या कातडीला रंग देणाऱ्या पेशी मूळच्या कातडीतल्या नव्हेत. गर्भात पाठीच्या कण्याकडून त्या निघतात आणि प्रवास करीत करीत कातडीच्या वरच्या थरापर्यंत येतात. काही पेशी मात्र खालच्या थरातच राहून जातात. पंढरीला निघालेल्या वारकऱ्याने वाटेतल्याच एखाद्या गावी बिऱ्हाड करावे, तशा. त्यांचा रंग काळसरच असतो. पण खोलातून वर येताना तो निळा दिसतो. जपानमधील त्वचारोगतज्ज्ञ मासाओ ओता यांनी १९३९ साली या खुणेचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हे ओता किनोशिता मोकुतारो या टोपणनावाने कविता आणि नाटकेही लिहीत, हे वाचून मला त्यांच्याविषयी उगीच आपलेपणा वाटला. आशियातल्या लोकांत ही खूण अधिक आढळते आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. आईने काय चिरले, काय खाल्ले, कशाकडे पाहिले, याच्याशी तिचा काडीचाही संबंध नाही.

डॉक्टर हे सांगत असताना बहीण मध्येच म्हणाली, "म्हणजे हे माझ्यामुळं नाही ना, डॉक्टर?"

"नाही हो ताई. मुळीच नाही."

उपचार काय, खर्च किती, मुलीला दुखेल का, हे सगळे विचारायचे राहिले होते. तिने आधी हे विचारले. चौदा वर्षे तो प्रश्न ओठांवर होता, पण विचारायला माणूस मिळाले नव्हते. घरात मी होतो. शाळामास्तर होतो, कादंबऱ्या लिहीत होतो, बायकांची दुःखे रंगवीत होतो!

मग उपचाराचे बोलणे निघाले. १९६० साली थिओडोर मैमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढून दाखवला. तीन-चार वर्षांतच लिऑन गोल्डमन या डॉक्टरांनी कातडीवर त्याचे प्रयोग सुरू केले. पण डाग जाळताना भोवतालची चांगली कातडी कशी वाचवायची, ही अडचण होती. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी तिची वाट दाखवली. वैशाखाच्या उन्हात काळी छत्री पांढऱ्या छत्रीपेक्षा लवकर तापते, हे आपण जाणतोच. तसाच, काळ्या रंगालाच विशेष तापवील असा प्रकाश निवडायचा आणि तो इतका क्षणभर सोडायचा, की ऊन शेजारी पसरण्याआधी रंगाचा कण फुटून जावा. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतल्या थोड्याशा भागांइतका हा वेळ. फुटलेले बारीक कण शरीर स्वतःच हळूहळू उचलून नेते. म्हणून एका बैठकीनंतर काही महिने थांबायचे आणि मग दुसरी. अशा बऱ्याच बैठका लागतात. आधी बधिर करणारे मलम लावतात, डोळ्याला झाकण बसवतात; तरीही रबराचा फटका बसावा असे काहीसे वाटतेच.

डॉक्टर प्रामाणिक होते. डाग अगदी नाहीसा होईल असे वचन त्यांनी दिले नाही. पुष्कळ फिका होतो, म्हणाले. क्वचित थोडा परतही येतो. आपली कातडी सावळी, तिच्यातही तोच रंग. म्हणून हात जपून चालवावा लागतो, नाहीतर पांढरे किंवा आणखी काळे व्रण उठायचे. प्रत्येक खुणेला हा उपचार नाही, हेही त्यांनी बजावले. तान्ह्या मुलांच्या कंबरेवरचा निळा डाग बहुधा आपोआप जातो, त्याला हात लावू नये. दुधाळ कॉफीच्या रंगाचे चट्टे पुष्कळदा पुन्हा उमटतात. मोठा, केसाळ तीळ असेल किंवा एखादी खूण वाढत, बदलत असेल, तर आधी तपासणी; किरणाची घाई नको. आणि भाचीच्या डोळ्यात झाक आहे, म्हणून डोळ्याचा दाब मात्र तपासत राहायचा, उपचार करा अगर करू नका. जाता जाता ते म्हणाले, "लहानपणी आणलं असतं, तर बैठका बहुधा कमी लागल्या असत्या."

घरी आल्यावर बहिणीने घाई धरली. पुढच्या वैशाखात घरात लग्न होते. पाहुणे येणार, चार लोक मुलीला पाहणार. हळदीचे पैसे येताच पहिली बैठक उरकावी, असे तिच्या मनात होते. "दादा, तू सांग हिला," ती म्हणाली.

मी सांगितले, पण उलटे. मला वाटले, ही आपल्या तत्त्वाची कसोटी आहे. माणसाची किंमत कातडीवर नसते, लाज वाटायची तर बघणाऱ्याला वाटावी, आज डाग काढाल तर उद्या रंग उजळायला निघाल, असे मी अर्धा तास बोललो असेन. बोललो ते खोटे नव्हते. एका खपणाऱ्या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द २०२० साली निघून गेला, पण वधूवरांच्या जाहिरातींतून गोरेपणाची मागणी काही गेली नाही. भाचीने सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली,

"मामा, तुम्ही दरवर्षी भाऊबीजेला फोटो काढता. माझा हा गाल दिसणार नाही, अशाच बाजूला मला उभं करता."

मला उत्तर सुचले नाही. मी जुने फोटो काढून पाहिले. तिचे खरे होते. मी हे कधी ठरवून केले नव्हते, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

त्या दिवसापासून मी या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहू लागलो. माझ्या आजीच्या कपाळावर आणि हातांवर गोंदण होते, हिरवट-निळे. गोंदणाचा रंग कातडीच्या त्याच खालच्या थरात बसतो, जिथे भाचीचा डाग आहे. म्हणून तोही निळसर दिसतो. त्याच जातीच्या किरणाने आज गोंदणही काढता येते. तोच थर, जवळजवळ तोच रंग. पण एक सौभाग्याचा दागिना आणि दुसरा ग्रहणाचा दोष! तेव्हा खुणेत स्वतःमध्ये बरे-वाईट काही नाही. ती बरी की वाईट, हे भोवतालच्या माणसांनी ठरवलेले असते.

मग खूण पुसण्याची गरज काय, असे कोणी म्हणेल. मीही तेच म्हणत होतो. पण माणसे बदलेपर्यंत एका पोरीने आपला चेहरा त्यांच्या शिक्षणासाठी फळ्यासारखा वापरू द्यावा, हे सांगायचा मला काय अधिकार? धैर्य ही मोठी गोष्ट आहे. पण ते दुसऱ्याच्या अंगावर लादले, की त्याचे धैर्य राहत नाही, नुसती सक्ती होते. फाटलेला ओठ शिवून घेणाऱ्याला किंवा चष्मा लावणाऱ्याला आपण भित्रा म्हणत नाही. तसेच, 'एवढे शास्त्र आहे तर काढून का टाकत नाहीस?' असे विचारणे हीसुद्धा सक्तीच. पूर्वी आईला दोष देत होतो; आता मुलीला देऊ. उपचार उपलब्ध झाला म्हणून खूण बाळगणे हा गुन्हा ठरता कामा नये.

राहिला लहानपणीचा प्रश्न. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे वय लहान तेवढे बरे. पण वय लहान तेवढी निवड आईबापांची. आईबापांनी मुलांसाठी काहीच ठरवू नये, असे मी म्हणणार नाही. आपण त्यांना लस टोचवतो, कानही टोचतो. पण ठरवताना त्यांनी स्वतःला एवढे विचारावे, की हे आपण मुलाच्या सुखासाठी करतो आहोत, की आपल्याला चार लोकांत मान खाली घालावी लागते म्हणून? पहिले कारण असेल तर जरूर जावे. दुसरे असेल तर आधी स्वतःशी थोडे बोलावे. माझ्या बहिणीच्या हातात त्या पहाटे दुसरे कारण होते, आणि माझ्या कॅमेऱ्यातही तेच होते.

भाचीने महिनाभर विचार केला. मग आईला म्हणाली, "करू. पण लग्नाच्या घाईत नको. उन्हाळ्यात तर नकोच, डॉक्टर ऊन लागू देऊ नका म्हणाले आहेत. पावसाळ्यात करू." तिने लग्नात डागासकट मिरवून घेतले. यंदा आषाढात पहिली बैठक झाली, दसऱ्याच्या सुमारास दुसरी. शाईत पाणी पडावे तसा रंग थोडा फिका झाला आहे. पुढे किती फिका होईल, सांगता येत नाही. पुरे वाटले, की थांबेन, असे ती म्हणते.

पण मला सांगायचे आहे ते किरणाच्या आधीचे. नांदेडहून आल्यानंतरची, गेल्या वर्षीची दिवाळी. डाग तेव्हा होता तसाच गडद होता. बहीण त्या वेळीही माहेरी होती. पहाटे तिने मुलीला पाटावर बसवले आणि उटण्याची वाटी घेतली. मी नेहमीच्या पायरीवर बसलो होतो. तिचा हात डाव्या गालावरून फिरला, मग उजव्या गालावर आला आणि तितकाच हलका फिरला. पोरीने डोळे मिटून घेतले होते.

वाचकहो, या भाऊबीजेलाही आपल्या घरोघरी फोटो निघतील. मुलांना रांगेत उभे करताना एवढेच करा. कोणी कुठे उभे राहायचे, ते त्यांचे त्यांना ठरवू द्या.