हत्तीपाय आणि प्रारब्ध

यवतमाळ जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यात येतो. वर्धा, चंद्रपूर हे शेजारीही त्यातलेच. पाय सुजलेल्या माणसाबद्दल ‘मागच्या जन्मीचा भोग, ज्याचा त्यानं भोगायचा’ असं म्हणून विषय संपवला जातो. कर्मसिद्धान्ताचा हा वापर मला मान्य नाही, आणि त्याचं कारण शरीराच्या रचनेतच सापडतं. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. त्यातला काही द्रव केशवाहिन्यांतून पेशींभोवती झिरपतो. तो आणि त्यातली प्रथिनं गोळा करून मानेच्या मुळाशी पुन्हा शिरांत सोडण्याचं काम लसिकावाहिन्यांचं. त्यांना हृदय नाही. वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन, स्नायूंची हालचाल, श्वास आणि उलटा प्रवाह अडवणाऱ्या झडपा एवढ्यावर हा संथ कारभार चालतो. हत्तीरोगाचा जंत नेमका इथे वर्षानुवर्षं ठाण मांडतो. वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात, द्रव साचतो. जंताची पिल्लं रात्री रक्तात उतरतात, क्युलेक्स डास ती उचलून दुसऱ्या घरी नेतो. हा डास वाढतो तुंबलेल्या गटारात. म्हणजे जंत आला दुसऱ्याच्या देहातून आणि गटार तुंबवलं साऱ्या गावानं. या साखळीत कर्म जरूर आहे. पण ते एकट्या रोग्याचं नाही, आणि मागच्या जन्माचंही नाही.

कर्मवादी म्हणेल, डास निमित्तमात्र. त्यालाच का चावला? पण तो त्यालाच चावत नाही. आळीतल्या सगळ्यांनाच चावतो, लागण होण्यासाठी बहुधा पुष्कळ चावे लागतात, आणि लागण झालेल्यांपैकी बहुतेकांचा पाय सुजत नाही. मग सूज त्याच्याच नशिबी का, असा प्रश्न उरतोच. तिथेही प्रारब्ध घालता येईल. पण काहीही घडलं तरी जे लागू पडतं, त्यानं काहीच उलगडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रारब्ध मानल्यानं सोसायला बळ मिळतं. मिळत असेल. रोग्यानं ते स्वतःबद्दल म्हणावं, तो त्याचा अधिकार. शेजाऱ्यानं म्हटलं की मात्र शेजारी मोकळा होतो, गटार तसंच राहतं. शिवाय भोग म्हणून सोडलेला पाय चिघळतो. रोज साबणानं धुऊन बोटांमधून कोरडा ठेवला, उंचावर टेकवला, घोटा हलवला तर तापाचे झटके कमी होतात. याच वऱ्हाडातले गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. त्यांच्या भक्तीला खराटा आड आला नाही.

देशात हत्तीरोगाविरुद्ध २००४ पासून सामुदायिक औषधवाटप चालू आहे. ‘मला काही झालेलं नाही, मी गोळी का घेऊ?’ हा प्रश्न तिथे नेहमीचा. निरोगी दिसणाऱ्याच्या रक्तातही पिल्लं असू शकतात आणि त्याला चावलेला डास शेजाऱ्याच्या घरी जातो, म्हणून. गोळ्या घरी ठेवून द्यायच्या नसतात, जेवल्यावर कर्मचाऱ्यासमोरच गिळायच्या असतात. गर्भवती, २ वर्षांखालची मुलं आणि गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत.